रात्री अडीच वाजता फुटलेला कनेक्शन पाइप: आधी काय थांबवायचे, काय सकाळवर सोडायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. रात्री अडीचच्या सुमारास पाण्याच्या आवाजाने जाग आली, तेव्हा बेसिनखालचा कनेक्शन पाइप, म्हणजे वरून तारेची जाळी असलेला लवचिक पाइप, नटाजवळ फाटला होता आणि पाण्याची धार समोरच्या भिंतीवर आदळत होती. त्या पाइपाच्या मागचा अँगल कॉक, म्हणजे त्या एका नळाचे पाणी बंद करणारा भिंतीजवळचा छोटा कॉक, हाताने फिरेना, म्हणून पक्कड लावून जोर दिला, तर त्याची मूठच तुटून हातात आली. मग फाटलेल्या जागी कापड आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळून पाहिली, तीही टिकली नाही. घराचा मुख्य कॉक सापडून बंद होईपर्यंत ४० मिनिटे गेली आणि तोवर दोन खोल्यांत पाणी पसरले. प्रश्नकर्त्याला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: जोर लावण्यात चूक झाली का, फाटलेल्या पाइपावर तात्पुरते काय बांधायला हवे होते, आणि अशा वेळी प्लंबरला रात्रीच बोलवावे की सकाळपर्यंत थांबावे.

मी गेली २७ वर्षे नळकाम करतो आहे आणि त्यातला बराच काळ रात्रीचे फोन मीच घेत आलो आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे देतो, परंतु त्यांच्या मागचा मूळ प्रश्न मला वेगळा दिसतो. पाइप फाटणे हे तुमच्या हातात नव्हते. रबर जुने होते, जाळी गंजते आणि एखाद्या दिवशी तो पाइप जातो. घरात पाणी भरले ते मात्र पाइप फाटल्यामुळे कमी आणि त्या ४० मिनिटांमुळे अधिक. रात्रीच्या वेळी घरच्या माणसाचे काम दुरुस्ती करणे हे नसते. पाणी थांबवणे, वीज दूर ठेवणे आणि उरलेले सगळे सकाळवर ढकलणे, एवढेच ते असते. तुम्ही त्या रात्री जे जे केले, त्यातले मुख्य कॉक शोधणे सोडले तर बाकी सगळे दुरुस्तीच्या वाटेने गेले, आणि तिथेच वेळ हातचा गेला.

थोडा हिशोब मांडतो, म्हणजे मी त्या मिनिटांवर इतका भर का देतो आहे ते लक्षात येईल. घरातल्या नळांना साधारणपणे अर्ध्या इंचाची, म्हणजे १५ मिलिमीटरची जोडणी असते. असा पाइप मोकळा सुटला, तर मध्यम दाबालाही मिनिटाला २० ते २५ लिटर पाणी सहज येते. दहा चौरस मीटरच्या खोलीत एक मिलिमीटर पाणी साचायला १० लिटर पुरतात. म्हणजे दर मिनिटाला फरशीवर सुमारे दोन मिलिमीटर पाणी चढते, आणि ४० मिनिटांत ८०० ते १००० लिटर पाणी घरात येते. हेच पाणी दोन मिनिटांत थांबले असते, तर ४०-५० लिटर, म्हणजे तीन-चार बादल्यांचे काम राहिले असते. नेमका आकडा दाबावर अवलंबून असतो, हे खरे. टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर दाब सुमारे एक बार (बार हे दाबाचे एकक) मिळतो. टाकी डोक्यावरच्या गच्चीवर असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आणि घरात प्रेशर पंप असेल तर दोन बार किंवा त्याहूनही जास्त. परंतु कोणत्याही परिस्थितीत पहिली पाच मिनिटे पुढच्या तासापेक्षा महत्त्वाची असतात.

असे प्रकार रात्रीच का घडतात, हे पुष्कळ लोक विचारतात, म्हणून त्याबद्दलही लिहितो. पाणी वाहत असते तेव्हा त्याचा काही दाब पाइपांच्या घर्षणात खर्च होतो. रात्री सगळे नळ बंद असतात, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक वायसरवर पूर्ण दाब तासन्‌तास बसून राहतो. थेट सार्वजनिक नळवाहिनीवरून पाणी येत असेल, तर त्या वाहिनीतला दाबही रात्री वापर घटल्याने वाढलेला असतो. शिवाय दिवसा फुटलेला पाइप घरातल्या कोणाच्या तरी लगेच नजरेस पडतो, रात्री तो कळायलाच वेळ जातो. म्हणून रात्रीच्या गळतीत पाणी नेहमी जास्त दिसते.

आता क्रमाने जाऊ, आणि आरंभ पाण्यापासून नव्हे तर विजेपासून करू. अंधारात जाग आल्यावर माणूस आधी दिवा लावतो आणि मग पाण्यात पाय टाकतो. दिव्याचे बटण कोरडे आणि तुम्ही कोरड्या जागी असाल तर त्यात काही वावगे नाही. परंतु पाणी फरशीवर ठेवलेल्या एक्स्टेंशन बोर्डापर्यंत, भिंतीतल्या खालच्या सॉकेटपर्यंत किंवा फ्रिज अथवा वॉशिंग मशीनच्या तळापर्यंत पोहोचले असेल, तर त्या पाण्यात उतरण्यापूर्वी घराचा मुख्य स्विच बंद झाला पाहिजे. तो बंद करताना हात कोरडे असावेत, पायांत कोरडी रबरी तळव्याची पादत्राणे असावीत आणि पायांखालची जागाही कोरडी असावी. मुख्य बोर्डापर्यंत जाण्यासाठी त्याच पाण्यातून चालावे लागत असेल, तर जाऊ नका. घरातल्या सगळ्यांना कोरड्या बाजूला किंवा बाहेर न्या आणि वीजपुरवठा बाहेरून बंद करवून घ्या. विजेची गळती पकडून पुरवठा तोडणारा, सहसा ३० मिलिअँपिअरचा असणारा ब्रेकर घरात बसवलेला असला, तरी त्याच्या भरवशावर पाण्यात उभे राहून प्लग ओढू नयेत. पाण्याने खराब झालेली लाकडी चौकट पुन्हा करता येते, एवढेच मनात धरून या एका बाबतीत सावकाश वागा.

विजेचा प्रश्न नसेल किंवा सुटला असेल, तर पाण्याकडे वळायचे. इथे माझी पद्धत अशी आहे की फुटलेल्या जागेपासून पाण्याच्या उगमाकडे एकेक कॉक मागे जायचे, आणि प्रत्येक कॉकला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ द्यायचा नाही. पहिला त्या नळाखालचा अँगल कॉक. तो फिरला नाही, तर त्या न्हाणीघराचा किंवा स्वयंपाकघराचा स्वतंत्र कॉक, जो बहुतेक वेळा दाराच्या वर, माळ्यावर किंवा बाहेरच्या शाफ्टमध्ये असतो. तोही सापडला नाही, तर संपूर्ण घराचा मुख्य कॉक. मीटर असेल तर तो सहसा मीटरजवळ असतो आणि टाकीचे पाणी असेल तर टाकीच्या उतरत्या पाइपावर. गच्चीवर चार-पाच कॉक एका रांगेत असतील आणि कोणता कोणाचा हे कळत नसेल, तर एकेक बंद करत जा आणि घरातल्या माणसाला फोनवर धार कमी झाली का ते विचारत राहा. दुसऱ्यांचे कॉक आपली खात्री पटताच पुन्हा उघडून ठेवा. अनोळखी गच्चीवर अंधारात एकट्याने मात्र चढू नका. बॅटरी आणि सोबतीला एक माणूस असावाच.

घरात प्रेशर पंप असेल, तर त्याची वीज सर्वांत आधी तोडली पाहिजे. हा पंप दाब कमी झाला की आपोआप सुरू होतो. पाइप फुटला म्हणजे दाब पडला, आणि दाब पडला म्हणजे पंप सुरू झाला. अशा रीतीने तो फुटलेल्या पाइपातून टाकी रिकामी करत राहतो. तुमच्या घरी पंप आहे की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही, पण धार समोरच्या भिंतीपर्यंत जात होती यावरून मला पंपाचीच शंका येते. टाकी उंच असेल तरी अशी धार येऊ शकते, त्यामुळे खात्रीने सांगत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, जोर लावण्याचा. यात तुम्हाला दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण समोर पाणी उडत असताना हातात जी वस्तू येते तिनेच माणूस प्रयत्न करतो. पण कॉक आतून कसा असतो ते समजले, तर पुढच्या वेळी हात आपोआप थांबेल. घरांत प्रामुख्याने दोन प्रकारचे कॉक आढळतात. एका प्रकारात दांडीसारखी मूठ असते आणि ती चतकोर फिरते: दांडी पाइपाच्या रेषेत असली की पाणी चालू, आडवी असली की बंद. हा बॉल व्हॉल्व्ह. दुसऱ्यात गोल चाक किंवा खुंटीसारखी मूठ असते आणि बंद करताना ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अनेक फेरे फिरवावी लागते. आत एक पत्रा किंवा वायसर लावलेला तुकडा हळूहळू खाली उतरतो. तुमचा अँगल कॉक यांपैकी दुसऱ्या प्रकारचा, जुन्या घडणीचा असावा. अनेक वर्षे उघड्याच स्थितीत राहिलेल्या अशा कॉकच्या आट्यांत पाण्यातला क्षार घट्ट बसतो. पक्कड लावली की आपला सगळा जोर त्या अडकलेल्या आट्यांपर्यंत पोहोचायच्या आत स्पिंडलच्या, म्हणजे मुठीपासून आत जाणाऱ्या दांड्याच्या, सर्वांत बारीक भागावर येतो, आणि तो भाग पितळेचा असला तरी तुटतो. मूठच तुटली हे त्यातल्या त्यात बरे झाले. कॉक मुळापासून, भिंतीतल्या आट्यांत मोडला असता, तर कनेक्शन पाइपाच्या बारीक छिद्रातून येणारे पाणी अर्ध्या इंचाच्या पूर्ण तोंडाने आले असते.

कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडून हे एकदा झाले आहे. मध्यरात्री एका घरी ठिबकणारा नळ पाहायला गेलो होतो, मागचा गेट व्हॉल्व्ह, म्हणजे आत पत्रा असलेला अनेक फेऱ्यांचा कॉक, अडकलेला होता आणि मी पाइप पाना लावून तो फिरवला. स्पिंडल तुटले, आतला पत्रा अर्ध्यावर लटकला आणि तो व्हॉल्व्ह ना धड उघडा राहिला ना धड बंद झाला. सकाळपर्यंत सहज थांबू शकले असते असे ठिबकणे होते, आणि त्या घरातल्या माणसांना मात्र माझ्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याविना राहावे लागले. त्या रात्रीपासून मी स्वतःला एक मर्यादा घालून घेतली आहे: अडकलेला कॉक हाताच्या जोरापेक्षा थोड्याच अधिक जोराने, म्हणजे मुठीवर जाड कापड धरून फिरवायचा, त्याहून जास्त जोर लावण्याची वेळ आली, तर त्याच्या मागचा कॉक शोधायचा. अडकलेला कॉक बंद करताना तो आधी किंचित उघडण्याच्या दिशेने हलवावा, मग बंद करण्याच्या दिशेने, पुन्हा उलटा, असे अर्धा-अर्धा फेरा मागेपुढे करत गेल्याने क्षार सुटत जातो. मुठीखालचा लहान ग्लँड नट किंचित सैल केल्यासही स्पिंडल मोकळे होते. तिथून थोडे पाणी पाझरेल, नंतर नट पुन्हा आवळला की ते थांबते. हा नट पूर्ण काढायचा मात्र नाही.

मुख्य कॉक बंद केल्यावरही पाणी लगेच थांबत नाही, आणि इथे अनेक जण घाबरून तो पुन्हा उघडतात किंवा अधिक आवळून मोडतात. पाइपांत उरलेले पाणी उतारावरून येतच राहते. अशा वेळी घरातला सर्वांत खालचा नळ उघडून ते पाणी मोरीत जाऊ द्यावे आणि वरच्या मजल्याचा किंवा सर्वांत उंच नळही उघडावा, म्हणजे वरून हवा आत येते आणि पाइप लवकर रिकामा होतो. दोन-चार मिनिटांत धार बारीक होत गेली, तर कॉक नीट बंद झाला आहे. ती तशीच राहिली, तर एक तर कॉक चुकीचा आहे किंवा तो आतून पाणी सोडतो आहे.

गिझरचे पाणी असलेल्या घरात एक बाब वेगळी लक्षात ठेवावी. फुटलेला पाइप गरम पाण्याचा असेल, तरी बंद करायचा तो गिझरकडे जाणारा थंड पाण्याचा कॉक, कारण साठवणीच्या गिझरमधले गरम पाणी आत येणाऱ्या थंड पाण्याच्या रेट्यानेच बाहेर पडते. पण त्याआधी गिझरची वीज बंद करा. टाकी रिकामी झाली आणि हीटर चालू राहिला, तर तो जळतो. आणि गरम पाण्याच्या धारेजवळ हात नेऊ नका. ६० अंश सेल्सिअसचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते.

समजा, कोणताच कॉक सापडत नाही किंवा बंद होत नाही. तरीही हातावर हात ठेवून बसण्याची गरज नसते. घरातले बाकीचे सगळे नळ, विशेषतः फुटलेल्या जागेच्या खालच्या पातळीवरचे, पूर्ण उघडा. पाणी अनेक वाटांनी विभागले जाते, फुटलेल्या जागचा दाब बराच उतरतो आणि ते पाणी मोरीतून निघून जाते. फाटलेला लवचिक पाइप वाकवून त्याचे तोंड बादलीत, कमोडमध्ये किंवा मोरीच्या जाळीकडे वळवा. पाइप कडक असेल आणि पाणी फवाऱ्यासारखे उडत असेल, तर त्यावर मोठा टॉवेल गुंडाळून टॉवेलाचे टोक बादलीत सोडा. टॉवेल पाणी अडवत नाही, पण फवाऱ्याची एक धार करून ती खाली आणतो, आणि भिंती, सॉकेट व फर्निचर यांना वाचवणारे काम तेच आहे. टाकी आपलीच असेल तर तिच्यात पाणी चढवणारी मोटर बंद करा. आत येणारे पाणी थांबले की टाकीत उरलेल्या पाण्याइतकीच गळती शिल्लक राहते.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्धे आलेच आहे. चिकटपट्टी टिकली नाही, कारण ओल्या पृष्ठभागावर तिचा डिंक धरत नाही, आणि धरला तरी आतून येणारा दाब तिला बाहेर ढकलत असतो. नटाजवळ फाटलेल्या कनेक्शन पाइपावर बांधण्यासारखे काहीही नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. तिथे रबर, जाळी आणि धातूचे कडे एकत्र आवळलेले असते. बाहेरून काहीही आवळले तरी पाणी त्यांच्यामधून वाट काढते. पाणी बंद झाल्यावर तो पाइप काढून कॉकच्या तोंडावर आतून आटे असलेले अर्ध्या इंचाचे टोपीसारखे बूच बसवणे, हाच तिथला तात्पुरता उपाय. कॉकच्या तोंडाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे, आट्यांची टोकाची बाजू आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने द्यावेत, म्हणजे बूच आवळताना टेप उलगडत नाही. असे बूच लावले की मुख्य कॉक उघडता येतो आणि बाकीच्या घराला रात्रीच पाणी मिळते. तुमच्या घरी त्या रात्री एक बूच असते, तर सकाळची वाट पाहणे फारसे जड गेले नसते.

लोखंडी किंवा तांब्याच्या कडक पाइपाला सुईच्या टोकाएवढे भोक पडले असेल, तर गोष्ट निराळी. सायकलच्या ट्यूबचा तुकडा भोकावर ठेवून त्यावर पाइपाचा क्लॅम्प आवळला की ती गळती काही दिवसही थांबू शकते, कारण तिथे डिंकाचा भरवसा नसून रबराच्या दाबाचा असतो. एपॉक्सी पुट्टीचा, म्हणजे मळून लावायच्या आणि नंतर घट्ट होणाऱ्या लुकणाचा, नीट उपयोग पाणी पूर्ण बंद करून, जागा कोरडी आणि खरवडलेली असेल तरच होतो. वाहत्या पाण्यावर ती लावणे म्हणजे ती वाया घालवणे. प्लॅस्टिकचा, म्हणजे सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसीचा सांधा निखळला असेल, तर रात्री सांधा चिकटवायचे सोल्युशन लावून लगेच पाणी सोडू नये. त्या सांध्याला पूर्ण दाब घेण्याआधी काही तास लागतात, आणि किती ते हवामान व पाइपाच्या जाडीवर ठरते. डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा. ओलसर तोंडावर घाईने चिकटवलेले सांधे मी दुसऱ्या दिवशी पुष्कळदा कापून काढले आहेत.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक, कारण त्याचे उत्तर घरागणिक बदलते. पाणी थांबले आहे, विजेला धोका नाही, आणि घरात सकाळपर्यंत पुरेल एवढे पाणी बादल्यांत आहे, अशी स्थिती असेल तर माझा सल्ला थांबण्याचा आहे. रात्रीच्या कामात प्लंबरच्या पिशवीत जे असते त्यावरच भागवावे लागते. योग्य मापाचा तुकडा नसला की जोडावर जोड देऊन काम केले जाते, आणि बॅटरीच्या उजेडात, झोपेच्या वेळी केलेला सांधा दिवसाच्या सांध्याइतका चांगला होत नाही. हे मी माझ्या स्वतःच्या कामावरून सांगतो. उलट, पाणी कोणत्याही उपायाने थांबत नसेल, पाणी विजेच्या बोर्डात किंवा छतातल्या दिव्यात उतरत असेल, खालच्या घरात गळत असेल, किंवा घरात लहान बाळ अथवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण असल्याने पाण्यावाचून चालणारच नसेल, तर संकोच न करता फोन करावा. छताला, विशेषतः खोट्या छताला, पाण्याने फुगवटा आला असेल तर त्याच्याखाली कोणालाही उभे राहू देऊ नका.

फोन करताना एक करून पाहा. आधी येण्याची विनंती करण्याऐवजी कॉकचे आणि फुटलेल्या जागेचे छायाचित्र पाठवा आणि काय बंद करायचे ते विचारा. मला आलेल्या रात्रीच्या फोनांपैकी कितीतरी फोनवरच मिटले आहेत, कारण समोरच्याला दुरुस्ती नको होती, कोणती मूठ कोणत्या दिशेला फिरवायची एवढेच हवे होते. आणि नुसते ठिबकत असेल, तर रात्र बादलीवर निभावते: सेकंदाला एक थेंब धरला तरी आठ तासांत फार तर अर्धी बादली भरते. थेंबाचा आवाज झोपू देत नसेल, तर गळतीच्या जागी एक जाड दोरा बांधून त्याचे दुसरे टोक बादलीत सोडा. पाणी दोऱ्यावरून आवाज न करता उतरते.

वर सांगितलेले सगळे स्वच्छ पाण्याच्या पाइपांबद्दल आहे. मोरीच्या जाळीतून किंवा कमोडमधून पाणी वर येत असेल, तर मुख्य कॉक बंद केल्याने केवळ तुमच्या घरातून जाणारे पाणी थांबते. एकाच उभ्या पाइपावर वरची घरे असतील तर त्यांचे पाणी तुमच्याकडे येत राहते. तेव्हा वरच्या घरांना जागे करून पाणी वापरणे थांबवायला सांगणे हाच पहिला उपाय. त्या तुंबलेल्या पाण्यात रात्री ॲसिड ओतू नका, आणि आधी ब्लीच ओतलेले असेल तर मुळीच नाही, कारण दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. हे पाणी मैलायुक्त समजून हातमोजे घालूनच आवरावे.

पाणी थांबल्यावर झोपण्याआधी दोन कामे करावीत. फुटलेल्या जागेची आणि भिजलेल्या वस्तूंची छायाचित्रे घ्यावीत आणि फाटलेला पाइप फेकून देऊ नये. घराचा विमा असेल किंवा पाइप नवा असतानाच फाटला असेल, तर तो पुराव्यासाठी लागतो. मग लाकडाच्या, कागदाच्या आणि कापडाच्या वस्तू फरशीवरून उचलून ठेवाव्यात. फरशीवरचे पाणी दिसते म्हणून आपण ते पुसतो, पण बेसिनखालच्या कपाटाच्या तळफळीखाली आणि गादीच्या खालच्या बाजूला राहिलेले पाणी विसरले जाते. ओल्या जागेत २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते, तेव्हा कपाटांची दारे उघडी ठेवून, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पंखा लावून ती जागा वाळवावी. सॉकेट भिजले असेल, तर ते वीजतंत्र्याने उघडून पाहिल्याशिवाय त्या भागाची वीज सुरू करू नये.

सकाळच्या दुरुस्तीबद्दल थोडे सांगतो, कारण पुढची गळती बहुतेक वेळा तिथेच पेरली जाते. एक कनेक्शन पाइप फाटला असेल तर त्याच्या जोडीचा दुसराही बदलावा. दोन्ही एकाच वेळी लावलेले असतात आणि एकाच वयाचे असतात. मी स्वतः पाच ते सात वर्षांनी ते बदलायला सांगतो, आणि जाळीवर तांबूस डाग, सुटलेल्या तारा किंवा नटाजवळ पांढरा थर दिसला तर त्याआधीच. या पाइपाचा सांधा नटाच्या आतले रबरी वायसर धरते, आटे नव्हेत, म्हणून तिथे टेफ्लॉन टेप लावण्याचे कारण नाही. नट हाताने पूर्ण आवळून वर पान्याने चतकोर फेरा पुरतो. त्याहून जास्त आवळले की वायसर कापले जाते किंवा नटाला चीर जाते, आणि ती चीर काही महिन्यांनी रात्रीच बोलते. पाइप लावताना त्याला पीळ किंवा तीव्र वळण राहू देऊ नये. आणखी एक कारण लोकांच्या ध्यानात येत नाही: बेसिनखालच्या कपाटात ठेवलेल्या ॲसिड आणि ब्लीचच्या बाटल्यांची वाफ स्टीलची जाळी हळूहळू खाते. त्या बाटल्या दुसरीकडे ठेवाव्यात.

नवे सामान बसल्यावर मुख्य कॉक एकदम पूर्ण उघडू नये. एक-दोन नळ उघडे ठेवून तो आधी थोडासा उघडावा, पाइपांतली हवा फुसफुसत निघून जाऊ द्यावी, आणि धार सलग झाली की नळ बंद करून कॉक पूर्ण उघडावा. मग प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद दहा मिनिटे ठेवावा. डोळ्यांना न दिसणारा पाझर कागदावर लगेच उमटतो.

तुमच्या बाबतीत प्लंबर आल्यावर मूठ तुटलेला अँगल कॉक तर बदलावाच लागेल, आणि मी तिथे चतकोर फिरणारा बसवायला सांगेन. पण त्याच भेटीत मुख्य कॉकही तपासून घ्या. तो बंद करा, सर्वांत खालचा नळ उघडा आणि पाइप रिकामा होऊ द्या. पंधरा मिनिटांनंतरही त्या नळातून बारीक धार किंवा सतत ठिबक येत असेल, तर मुख्य कॉक आतून पाणी सोडतो आहे आणि तोही त्याच दिवशी बदलला पाहिजे. तो चांगला असेल, तर त्याच्या मुठीला ठळक अक्षरांची पट्टी बांधा, घरातल्या प्रत्येकाला तो एकदा स्वतःच्या हाताने बंद करून उघडायला लावा, आणि दर सहा महिन्यांनी घरातले सगळे कॉक एकदा फिरवत जा, म्हणजे त्यांच्या आट्यांत क्षार बसणार नाही. मुख्य कॉकजवळ एक बॅटरी, एक स्लाइड पाना, टेफ्लॉन टेपचे एक रीळ आणि अर्ध्या इंचाची दोन बुचे एका पिशवीत अडकवून ठेवा.